पोटात ५८ ठोके: चोपडा तालुक्यातल्या एका बाळाचं प्रकरण

चिठ्ठीवर तीनच ओळी होत्या: "२२ आठवडे. बाळाचे ठोके ५८, पूर्ण मिनिट कानाने मोजले, तीन वेळा. आईची नाडी त्याच वेळी ९२." खाली उपकेंद्राच्या नर्सबाईंची सही. पुढे सोनोग्राफी झाली, बाळाच्या हृदयाचा इको झाला, आईचं रक्त बाहेरगावच्या लॅबला गेलं. पण निदानाची निम्मी वाट या चिठ्ठीनं आधीच कापली होती. (ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला साधारण ११० ते १६० असतात. सहाव्या आठवड्यात शंभराच्या आसपास सुरू होतात, नवव्या आठवड्याच्या सुमारास १७० पर्यंत चढतात आणि मग उतरत उतरत दिवस भरेपर्यंत १३०-१४० वर येतात. ११० च्या खाली जाऊन दहा मिनिटं तिथंच राहिले, तर त्याला ब्रॅडिकार्डिया म्हणायचं. उपकेंद्रात हातातला डॉपलर पोटावर टेकवला की पडद्यावर आकडा उमटतो आणि बहुतेक ठिकाणी तोच रजिस्टरात जातो. या नर्सबाईंच्या पडद्यावर पहिल्यांदा ११८ आला होता. तो लिहिला असता तर कुणीच काही बोललं नसतं. पण कानाला जे ऐकू येत होतं ते त्या आकड्याशी जुळेना, म्हणून त्यांनी प्रोब जरा सरकवला, तर ५९. हळू चालणाऱ्या हृदयाच्या एकाच ठोक्यातले दोन आवाज मशीन कधी कधी दोन ठोके धरतं आणि आकडा दुप्पट करून दाखवतं. डॉपलरची ही जुनी खोड आहे, लेबर रूममध्ये बाळाचे ठोके सतत नोंदणाऱ्या सीटीजी मशीनचीही आहे. अशा वेळी घड्याळ समोर धरून कानानं मोजणं हाच इलाज.

दुसरा धोका आईच्या नाडीचा. डॉपलरला आईच्या पोटातल्या मोठ्या धमनीचा आवाज मिळतो आणि तोच बाळाचा वाटतो. म्हणून एक हात आईच्या मनगटावर. इथं ९२ आणि ५८, म्हणजे दोन वेगळी हृदयं. तिसरी शक्यता अशी की या महिन्यांत प्रोब जोरात दाबला तरी बाळाचे ठोके थोडा वेळ घसरतात, पण मिनिट-दोन मिनिटांत सावरतात. तीन वेळा मोजल्यानं तेही निकालात निघालं होतं.

बाई २६ वर्षांची. दुसरी खेप. पहिली मुलगी तीन वर्षांची, धडधाकट. घरची केळी आणि थोडी कपाशी. रक्तदाब ठीक, साखर ठीक, थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ९.८. लोह आणि कॅल्शियमखेरीज कुठलीही गोळी नाही. हे विचारावंच लागतं, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बाळाचे ठोकेही मंदावू शकतात.

जळगावला आमच्याकडं येण्याआधी एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं होतं की ठोके निम्मेच आहेत, बाळ टिकायचं नाही, खाली करून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक प्रकारांत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात होतो. त्यापुढं, बाळात गंभीर व्यंग असेल तर, वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर दोन आठवड्यांची टांगती तलवार होती आणि नेमकं काय झालंय हे कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाई मात्र एकच गोष्ट धरून बसल्या होत्या: "पोटमा लेकरू हालस ना, मंग काय व्हयनं?"

डॉक्टरी भाषेत सांगायचं तर त्यांचं म्हणणं बिनचूक होतं. प्राणवायू कमी पडून ज्या बाळाचे ठोके ५८ वर येतात, ते बाळ दिवसेंदिवस लाथा मारत राहत नाही. इथं हालचाल चांगली, गर्भजल पुरेसं, वाढ वेळेप्रमाणं. ठोके कमी होते, पण बाळ गुदमरलेलं नव्हतं. मग हृदय हळू का?

वर १४२, खाली ५८

नाशिकहून येणाऱ्या बालहृदयरोगतज्ज्ञांनी जळगावातच इको केला. सोनोग्राफीची एकच रेघ हृदयातून अशी जाऊ देतात की वरच्या कप्प्याची भिंत आणि खालच्या कप्प्याची भिंत, दोन्हींची हालचाल एका पट्टीवर उमटते. त्याला एम-मोड म्हणतात. पट्टीवर वरचे कप्पे मिनिटाला १४२ वेळा आकुंचन पावत होते, अगदी नियमित. खालचे ५८ वेळा, तेही नियमित. पण दोघांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. संदेश वर तयार होत होता, खाली पोचतच नव्हता. खालचे कप्पे आपल्याच मूळ, संथ गतीनं चालले होते. हा पूर्ण हार्ट ब्लॉक, रक्तवाहिनी तुंबण्याचा प्रकार नव्हे. तज्ज्ञ हे समजावत असताना नवरा, जो तोवर गप्पच होता, म्हणाला, "म्हणजे वर लाईन आहे, फक्त डीपी जळाली." खान्देशातल्या शेतकऱ्याला यापेक्षा चांगलं कुणी समजावू शकणार नाही. पुढच्या सगळ्या चर्चांत आम्हीही हेच वाक्य वापरलं.

इथं घाई करून चालत नाही, कारण ५८ च्या आकड्यामागं निरनिराळे आजार दडतात आणि त्यांची दैवंही निरनिराळी असतात. एक अगदी निरुपद्रवी आहे. वरच्या कप्प्यात दर दुसरा ठोका वेळेआधी पडतो, तो खाली उतरत नाही, आणि मोजणाऱ्याला ठोके ७०-८० वाटतात. पट्टीवर वरच्या ठोक्यांतली अंतरं पाहिली की तो पकडता येतो: एक लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. हा प्रकार बहुतेकदा आपोआप जातो, आणि त्याच्यासाठी कुणी घाईनं सिझेरियन करून अपुऱ्या दिवसांचं बाळ बाहेर काढलं तर नुकसान आपणच केलं असं होतं. या बाळाच्या वरच्या ठोक्यांतली अंतरं मात्र सारखी होती.

दुसरा प्रकार म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडं ठोके सारखेच, पण मुळातच मंद. त्यात क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर) लांबण्याचा आनुवंशिक आजार शोधावा लागतो. घराण्यात कुणी तरणंताठं अचानक गेलं का, फिट म्हणून दाखवलेलं कुणी होतं का, हे विचारलं, आई-बापाचे ईसीजी काढले. तसं काही नव्हतं. तिसरा सर्वांत वाईट: हृदयाची घडणच बिघडलेली, डाव्या-उजव्या बाजूंची वाटणी चुकलेली आणि त्यासोबत ब्लॉक. त्यात बरीच बाळं पोटातच जातात. इथं चारही कप्पे, झडपा, मोठ्या वाहिन्या जागच्या जागी होत्या. पोटात, छातीत, हृदयाभोवती कुठंही पाणी नव्हतं. हृदय किंचित मोठं दिसत होतं, पण ते अपेक्षितच. ठोके निम्मे असले की प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि त्यासाठी हृदय पसरतं.

घडण चांगली, ब्लॉक पूर्ण आणि वेळ २२ आठवड्यांची. आता पाहायचं होतं ते आईचं रक्त.

उन्हाळ्यावर ढकललेली तक्रार

तिला विचारलं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का? कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरते का? ती हसली. एप्रिलचा महिना, पारा ४३ च्या वर, घरातल्या सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते आणि तोंड कोरडं पडत होतं. पण तिचं हे दिवाळीतही होतं, हे नवऱ्याला आठवलं. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत डोळ्यातलं पाणी किती पसरतं ते मोजतात. ५ मिलिमीटरच्या आत असेल तर कमी. तिचं दोन्ही डोळ्यांत त्याच्याही खाली आलं. रक्तात अँटी-रो आणि अँटी-ला, दोन्ही प्रतिपिंडं भरपूर.

ही प्रतिपिंडं स्वतःच्याच पेशींतल्या प्रथिनांविरुद्ध तयार होतात. ल्युपस आणि श्योग्रेन या आजारांत ती सापडतात, पण कित्येक बायकांना त्यांचा काहीच त्रास नसतो. अशा बाळंतपणापर्यंत आपल्या रक्तात हे आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. साधारण सोळाव्या आठवड्यापासून आईची प्रतिपिंडं वार ओलांडून बाळाकडं जाऊ लागतात. निसर्गानं हा रस्ता बाळाला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळावी म्हणून ठेवला आहे, त्याच रस्त्यानं हीसुद्धा जातात. ती बाळाच्या हृदयात वरून खाली संदेश नेणाऱ्या गाठीपाशी सूज आणतात आणि तिथं व्रण राहतो. म्हणून हा ब्लॉक बहुतेकदा १८ ते २४ आठवड्यांत उघडकीला येतो, त्याआधीच्या सोनोग्राफीत सगळं ठीक असतं.

मग पहिली मुलगी कशी वाचली? हा प्रश्न दोन्ही घरांनी विचारला आणि त्यामागं दुसरा प्रश्न होता: या वेळी हिनं काय केलं? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी झोका खेळली, गरम खाल्लं, ग्रहणात बाहेर गेली, अशी यादी तयारच होती. अँटी-रो असलेल्या शंभर बायकांत एखाद-दोघींच्याच बाळाला ब्लॉक होतो. पहिल्या खेपेलाही ही प्रतिपिंडं रक्तात असण्याची शक्यता मोठी होती आणि तरी मुलीला काही झालं नाही. एकूण जन्मांत हा आजार साधारण १५ ते २० हजारांत एक. झोक्याचा काही संबंध नाही, हे आम्ही सासूबाईंसमोरच, मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. नाहीतर एकदा रिपोर्टात "आईचं रक्त" असं आलं की सुनेचं आयुष्य अवघड होतं.

औषध द्यायचं की नाही

बाळाला पोहोचणारं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, आईला देता येतं. अर्धवट ब्लॉक असेल किंवा बाळाच्या अंगात पाणी साचू लागलं असेल तर बरीच केंद्रं ते देतात. पण पूर्ण झालेला ब्लॉक त्यानं सुटत नाही, यावर फारसा वाद राहिलेला नाही. आणि ते फुकट मिळत नाही: गर्भजल कमी होणं, बाळाची वाढ खुंटणं, आईची साखर चढणं. या बाळात पाणी नव्हतं, ब्लॉक पूर्ण होता. आम्ही दिलं नाही. दुसऱ्या एखाद्या चमूनं दिलं असतं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही, पण चोपड्याजवळच्या खेड्यात बसून आठवड्याला साखर आणि गर्भजल मोजत राहणं हा कागदावरचा उपचार ठरला असता.

घरच्यांना आकडे सांगितले. घडण चांगली असलेल्या अशा बाळांत एकूण मृत्यूचं प्रमाण शंभरात पंधरा ते वीसच्या आसपास, त्यातले बरेच पोटात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत. जगलेल्यांपैकी बहुतेकांना आज ना उद्या पेसमेकर. ठोके ५५ च्या खाली जाणं, अंगात पाणी होणं, हृदयाचं आकुंचन मंदावणं या वाईट खुणा. दोन रात्री विचार करून त्यांनी बाळ ठेवायचं ठरवलं.

मग काम वाटून घेतलं. दर आठवड्याला नर्सबाई डॉपलरनं पूर्ण मिनिट मोजणार. दर पंधरवड्याला तालुक्यात सोनोग्राफी, फक्त पाणी आणि हृदयाचा आकार पाहायला. महिन्याला एक इको. दर वेळी लिंगनिदानबंदी कायद्यातला एफ फॉर्म भरायचा, आणि दर वेळी गावात कुजबुज की इतक्या सोनोग्राफ्या कशाला काढतात? मुलगा-मुलगी पाहतात असंच लोकांना वाटतं. ते अर्थातच कुणी पाहिलं नाही, कुणी सांगितलं नाही. आशाताईंनी गल्लीतल्या बायकांना बसवून बाळाच्या हृदयाचं कारण सांगितलं, तेव्हा ती कुजबुज थांबली.

३२ व्या आठवड्यात ठोके ५५ वर आले. बीटा-उत्तेजक गोळ्यांनी ते पाच-दहांनी वाढवता येतात, पण आईला धडधड आणि हातांना कंप सुटतो. पाणी नव्हतं, आकुंचन चांगलं होतं, म्हणून तपासण्या फक्त जवळ आणल्या. ३७ आठवडे भरले की नाशिकला, जिथं जन्मल्याबरोबर पेसिंगची (यंत्रानं हृदयाला ठोके देण्याची) सोय आहे तिथं, ठरवून सिझेरियन. कानबाईचे (खान्देशातला श्रावणातला सण) रोट झाले की निघायचं, असं घरात पक्कं झालं.

श्रावणातली रात्र

कानबाईच्या आधीच, ३६ आठवडे नुकतेच झाले असताना, रात्री पाणी गेलं. १०८ ची गाडी तापी ओलांडून जळगावला आली, तोवर कळा सुरू होऊन पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं होतं. नाशिक अडीचशे किलोमीटर. तो विचार तिथंच संपला.

फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: "बाळाला पूर्ण हार्ट ब्लॉक. ठोके ५५-६० हेच नेहमीचे. केवळ आकड्यावरून धावपळ नको." ती ओळ नसती तर काय झालं असतं याचा अंदाज कुठल्याही लेबर रूममध्ये काम केलेल्याला येईल. सीटीजी लावल्याबरोबर मशीन ५६ दाखवत किंचाळायला लागलं, मग मध्येच ११२ दाखवून शांत झालं. दोन्ही वेळा बाळ होतं तसंच होतं. या बाळांत सीटीजीचा उपयोग नाही. कळांमध्ये बाळ दमतंय का हे कळायला वरच्या कप्प्यांचे ठोके सोनोग्राफीनं पाहत बसावं लागतं किंवा बाळाच्या डोक्याचं रक्त तपासावं लागतं. रात्री दीडला ते दोन्ही भरवशानं जमणार नव्हतं. म्हणून सिझेरियन, पण धावतपळत नाही. भूलतज्ज्ञांनी पाठीतून भूल दिली, आईचा रक्तदाब पडू दिला नाही. तेवढ्यात आम्ही बाळाच्या टेबलाशी उभं राहून कोण काय करणार ते ठरवलं.

ठरवायचं होतं ते हे. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचं प्रशिक्षण आपल्याकडं २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतल्या नर्सपर्यंत गेलं, आणि त्यातले आकडे सगळ्यांना पाठ आहेत. ठोके १०० च्या खाली तर पिशवी-मास्कनं श्वास द्या. तीस सेकंद नीट श्वास देऊनही ६० च्या खाली तर छाती दाबा, तीन दाबांना एक श्वास. हे अगदी बरोबर आहे, कारण जन्मलेल्या बाळाचं हृदय मंदावतं ते जवळजवळ नेहमी श्वास न घेतल्यामुळं. हृदय मुळात ठीक असतं, हवा गेली की पळायला लागतं. म्हणूनच एरवी मी शिकाऊ डॉक्टरांना सांगतो, आकडा पाहू नका, छाती वर येते का पाहा. पण या बाळाचे ठोके हवा देऊन वाढणार नव्हते. पाठ केलेल्या तक्त्याप्रमाणं कुणी चाललं असतं तर रडणाऱ्या, गुलाबी बाळाची छाती दाबली गेली असती. ठरलं असं: रडतंय का, हातपाय आवळलेत का, ऑक्सिजन वेळेप्रमाणं चढतोय का, हे तीन पाहायचे. तिन्ही ठीक असतील तर ५६ वर हात लावायचा नाही. यातलं एकही ढासळलं तर नेहमीचा तक्ता, पहिल्या पायरीपासून.

बाळ बाहेर आलं ते रडतच. मुलगी, २.२ किलो. पाच मिनिटांनी ऑक्सिजन ८४, जितका हवा तितका. ठोके ५६. अपगार (जन्मल्यावर बाळाला दहापैकी देतात ते गुण) ८. हृदयाच्या ठोक्यांसाठी तिला पुढंही एकच गुण मिळणार होता. नाळेतून बारीक नळी टाकून शिरेचा रस्ता मिळवला, प्लास्टिकच्या पिशवीत आणि वॉर्मरखाली गरम ठेवलं. गारठ्यानं ठोके आणखी उतरतात, आणि श्रावणात भिजलेल्या दुपट्यांत बाळं गारठतातच.

पाच तासांचा रस्ता

ईसीजीत वरची लय १५०, खालची ५४, आणि दोघी आपापल्या वाटेनं. खालचे ठोके अरुंद होते, म्हणजे निदान गाठीजवळूनच निघत होते. ती त्यातली बरी खूण. पहाटेपर्यंत झोपेत ठोके ५०-५१ वर आले, लघवी कमी झाली, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडल्याची खूण) चढू लागलं. ठोके वाढवणारं आयसोप्रिनॅलिन अगदी कमी मात्रेनं सुरू केलं, ठोके ६४ वर गेले आणि लॅक्टेट उतरलं. ॲट्रोपिनची चौकशी एकानं केली. पूर्ण ब्लॉकमध्ये त्याचा फारसा उपयोग नसतो, खालच्या कप्प्याला तो निरोप मिळतच नाही.

सकाळी एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव करत गाडी नाशिकला गेली. सोबत डॉक्टर, आयसोप्रिनॅलिनचे दोन पंप (एक बंद पडला तर दुसरा), छातीला लावून ठेवलेले पेसिंगचे पॅड आणि इनक्यूबेटर. वडिलांच्या खिशात रेशनकार्ड आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद. हे कागद सातव्या महिन्यातच गोळा करायला लावले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशीही तेव्हाच बोलून ठेवलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण बाळ अतिदक्षता विभागात आणि बाप तहसीलच्या रांगेत, हे चित्र मी फार वेळा पाहिलंय.

चौथ्या दिवशी पेसमेकर बसला. एवढ्या लहान बाळाच्या शिरांतून तारा नेत नाहीत. छातीचा खालचा भाग जरा उघडून हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तार शिवतात आणि बॅटरीची डबी पोटाच्या भिंतीत ठेवतात. गती १२० ठेवली. त्याच संध्याकाळी आयसोप्रिनॅलिन बंद झालं, आणि दोन दिवसांनी ती न दमता अंगावर पिऊ लागली. आईचं दूध चालतं, त्याला काही आडकाठी नाही.

घरी

ओळखीतल्या मालिशवाल्या बाईला आम्ही दवाखान्यात बोलावून घेतलं. पोटावर डबी कुठं आहे ते तिच्या बोटांना दाखवलं. तिथं चोळायचं नाही, दाबायचं नाही. शेक, धुरी बंद. आणि कोवळं उन्हही बंद, ज्यावर घरातल्या मोठ्या बायकांचा सर्वांत जास्त आक्षेप होता. कारण आईची तीच प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात अजून काही महिने राहणार होती, आणि उन्हानं त्यांचं पुरळ उठतं. एवढं सांगूनही पाचव्या आठवड्यात डोळ्यांभोवती आणि कपाळावर लाल, कडेला उठावदार चकत्या आल्याच. कुणी नागीण म्हटलं, कुणी नायटा. नायट्याचं मलम आणलंही होतं. काही न लावता, उन्हापासून सांभाळून, सहाव्या महिन्यापर्यंत त्या मावळल्या. जन्मावेळी प्लेटलेट्स १ लाख १० हजार होत्या, यकृताच्या चाचण्या थोड्या वाढलेल्या, त्याही ठिकाणावर आल्या. प्रतिपिंडं संपली की त्यांचा हा सगळा पसारा आवरतो. ब्लॉक मात्र कायमचा असतो.

लसी वेळच्या वेळी चालू आहेत. मोबाईल डबीवर ठेवायचा नाही, जरा लांब धरायचा. एमआरआय कुणी सांगितलाच तर आधी पेसमेकरच्या डॉक्टरांना विचारायचं. सहा महिन्यांनी डबीची तपासणी, काही वर्षांनी बॅटरी बदल, आणि तो आयुष्यभर. अशा काही मुलांचं हृदय पुढं मोठं आणि अशक्त होतं, म्हणून इको चुकवायचा नाही. दहाव्या महिन्याच्या तपासणीत वजन ७.६ किलो होतं, आकुंचन उत्तम, आणि गती कमी करून १०० वर आणली.

आईला संधिवाततज्ज्ञांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलं आहे, डोळ्यांच्या तपासणीसह. पुन्हा गरोदर राहिली तर ब्लॉकचा धोका शंभरात एक-दोन नाही, साधारण सोळा ते अठरा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे औषध गरोदरपणाच्या पहिल्या अडीच महिन्यांच्या आत सुरू केलेल्या अशा आयांमध्ये ते प्रमाण साडेसातच्या आसपास दिसलं. म्हणून पाळी चुकल्यावर नव्हे, त्याआधी येऊन भेटायचं आहे, आणि सोळाव्या आठवड्यापासून बाळाचे ठोके वारंवार पाहायचे आहेत. सध्या त्यांनी तांबी बसवून घेतली आहे.

हे प्रकरण आमच्या बैठकीत मांडलं तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, मग प्रत्येक गरोदर बाईचं अँटी-रो का पाहू नये? माझं उत्तर नाही असं आहे. इतक्या विरळ आजारासाठी ही महागडी तपासणी सगळ्यांना लावली तर शेकडो बायकांना विनाकारण घोर लागेल, आणि तो पैसा सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आणि रक्तक्षयासाठी हवा आहे. ज्यांना ल्युपस किंवा श्योग्रेन आहे, ज्यांचे डोळे-तोंड बारमाही कोरडे आहेत, उन्हानं ज्यांच्या अंगावर चकत्या उठतात, आणि ज्यांच्या आधीच्या बाळाला ब्लॉक झाला, त्यांचं जरूर पाहावं. बाकी सगळ्यांसाठी १८ ते २४ आठवड्यांच्या प्रत्येक भेटीत साठ सेकंद कानानं मोजणं आणि दुसरा हात आईच्या मनगटावर ठेवणं. त्याला खर्च नाही. त्या बैठकीनंतर दोन तालुक्यांतल्या नर्सबाईंच्या रजिस्टरात ठोक्यांच्या रकान्याशेजारी आईच्या नाडीचा रकाना हातानं आखला गेला. छापील रजिस्टरात तो अजून नाही.